पाणाड्याचा पॉइंट आणि कुणीच न मोजलेली कोरडी बोअरं

कोरडवाहू (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

'समजुतींमुळे आपल्याला वास्तव वाकडं दिसतं का' असा एक धागा मध्यंतरी इथे निघाला होता. तिसऱ्या पानावर देव आले, चौथ्यावर राजकारण, पाचव्यावर संपादकांनी टाळं लावलं. तोच प्रश्न मी आता जमिनीखाली नेतोय. देवधर्म बाजूला ठेवा, पाण्यावर बोलू.

बीड-लातूरच्या शिवेवरचं आमचं गाव. बोअर घ्यायचं ठरलं की गाडीच्या आधी पाणाड्या येतो. तळहातावर सोललेला नारळ आडवा, शेंडी बोटांच्या टोकाकडे, पाय अनवाणी. बांधाच्या कडेकडेने तो चालत राहतो आणि एका जागी नारळ शेंडी वर करून उभा राहतो. तिथे दगड, दगडावर हळदकुंकू. पॉइंट निघाला. कुणाच्या हातात कडुलिंबाचं बेचकं असतं, कुणाच्या तांब्याच्या दोन तारा. नारळवाल्याला मान जास्त.

नारळ उभा राहतो का, यावर वाद घालत नाही. राहतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा. आमचे पाणाडे म्हणजे अण्णा. गावात कुणालाही विचारा, "अण्णांचा पॉइंट कधी चुकत नाही." मी लेखापरीक्षक, त्यामुळे आकडा मागायची खोड. किती बोअरं घेतली, किती लागली, किती फेल? आकडा कुणाकडेच नाही. मग गटवार, शेतवार विचारत गेलो. कोरडी बोअरं भराभर निघायला लागली, आणि प्रत्येक बोअरासोबत त्याचं कारणही तयार होतं.

"गाडी दोन फूट बाजूला लागली."
"अण्णा अडीचशे म्हणाले होते, आम्ही दोनशेवर थांबलो."
"घरात सुतक होतं, सांगितलं नव्हतं त्यांना."
"शेजाऱ्यानं आधी मारलं, झरा तिकडं वळला."

एका बोअराला पाणी लागलं आणि संक्रांतीच्या आत गेलं. ते 'लागलेल्यां'त धरलेलं.

म्हणजे बघा, कोरडं बोअर सगळ्यांनी पाहिलंय. पांढरा धुरळा सगळ्यांच्या नाकातोंडात गेलाय. त्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. तरी 'कधी चुकत नाही' हे वाक्य जिथल्या तिथे, कारण चूक गाडीच्या, सुतकाच्या, शेजाऱ्याच्या खात्यावर टाकून झालेली. अण्णांच्या खात्यावर ती चढतच नाही. ताळेबंद असा लिहिला तर कुठलाही धंदा कधी तोट्यात जाणार नाही.

तुमच्याकडे काय चालतं? आणि कुणी खरोखर मोजलंय का?

---

पायाळू | सोमवार, रात्री १०:०५

आयडी बघून ओळखलं असेलच. पायाकडून जन्मलो म्हणून लहानपणी अख्ख्या वाडीत माझा भाव. कुणाची उसण भरली की मला उचलून न्यायचे आणि कमरेला लाथ मारायला लावायचे (तेवढं मनापासून केलं). मोठी माणसं शेतातही फिरवायची, "कुठं पाणी दिसतं रे बाळ?" मला भूक लागलेली असायची. ज्या आंब्याखाली बसलो, तिथं विहीर खणली. विहिरीला पाणी आहे. आता बोला.

---

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री १०:११

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

भौतिकमास्तर | सोमवार, रात्री ११:२०

नारळ का उभा राहतो, एवढंच आधी निकालात काढू. पाणाड्या लबाडी करतो असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि नारळ आपोआप उठला असंच त्यांना जाणवतं.

१८३३ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोऱ्याला बांधलेला लंबक पाऱ्यावर धरला की डोलायचा. मध्ये काच सरकवली की थांबायचा. झालं की सिद्ध! पण गडी तिथे थांबला नाही. त्याने स्वतःचे डोळे बांधले आणि साहाय्यकाला सांगितलं, काच कधी घाल, कधी काढ, मला कळू देऊ नकोस. लंबकाला काचेचा पत्ताच लागेना. हात हलत होता तो त्याचाच, त्याच्या नकळत, त्याला जे घडेल असं वाटत होतं त्या दिशेने. १८५२ मध्ये कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरने या नकळत हालचालींची रीतसर मीमांसा केली. पुढच्याच वर्षी फॅरेडेने प्लँचेटवाल्यांची टेबलं कोण फिरवतं ते अशाच युक्तीने दाखवलं.

आडवा नारळ म्हणजे तोल सांभाळून ठेवलेली वस्तू. तळहात केसभर कलला तरी उठतो. आणि पाणाड्याला जिथे 'इथे असणार' असं आतून वाटतं, तिथेच तळहात कलतो.

---

रानवेडी | मंगळवार, सकाळी ७:१५

मास्तर, तुमचा फ्रेंच माणूस पाऱ्यावर लंबक धरून बसला होता. माझे चुलते सांगोल्याच्या रानात चाळीस वर्षं पाणी बघतायत. ते नारळ काढतात त्याच्या आधी तासभर नुसते फिरतात, हे कुणी लिहिलंच नाही इथे. ओढा कुठून वळतो, उंबर कुठे आहे, वारूळ कुठे, उन्हाळ्यात कुठल्या बांधाची हराळी शेवटपर्यंत हिरवी राहते, शेजारच्या विहिरीला कुठल्या अंगाने पाझर आहे. मालकाला विचारतात, पावसाळ्यात चिखल आधी कुठं होतो? मग नारळ. आणि त्याचे पैसे घेत नाहीत, नारळ आणि पानसुपारी फक्त.

पुण्यात बसून 'अंधश्रद्धा' म्हणायला काय जातंय. आमच्या स्वतःच्या रानात काकांच्या पॉइंटवर बोअर घेतलं, पाणी लागलं, आजही चालू आहे. पडताळून पाहिलेली गोष्ट आहे ही.

---

तांब्यापितळ | मंगळवार, सकाळी ८:०२

रानवेडीताईंशी सहमत. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत 'दकार्गल' हा अख्खा अध्याय याच विद्येवर लिहिलाय. कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला किती पुरुष (माणसाच्या उंचीवर बेतलेलं माप) खोल पाणी, कुठल्या दिशेने शिरा वाहते, सगळं. आपल्याकडे हे होतं, आपण विसरलो.

---

भौतिकमास्तर | मंगळवार, सकाळी ११:३०

ताई, 'पडताळून पाहिलं' यावर एक खेळ खेळू. मी मनात एक नियम धरलाय. २, ४, ६ ही तिकडी त्या नियमात बसते. तुम्ही तिकड्या सांगा, मी फक्त बसते की नाही ते सांगेन. नियम ओळखायचा.

---

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, सकाळी ११:३४

मी मी! ८, १०, १२?

भौतिकमास्तर | ११:३६
बसते.

तळ्यात_मळ्यात | ११:३७
२०, २२, २४? १००, १०२, १०४?

भौतिकमास्तर | ११:३९
दोन्ही बसतात.

तळ्यात_मळ्यात | ११:४०
सोप्पंय. दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या.

भौतिकमास्तर | ११:४१
चूक.

पायाळू | ११:५५
१, ७, ५०?

भौतिकमास्तर | ११:५६
बसते! नियम इतकाच: चढता क्रम.

हा खेळ वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा, १९६० सालचा. बहुतेक माणसं तळ्यात_मळ्यात यांच्यासारखीच खेळतात. मनातल्या नियमात बसेल तेवढीच तिकडी विचारतात, 'हो' आलं की खूश, आणि प्रत्येक 'हो'सोबत चुकीचा नियम आणखी पक्का होतो. पायाळूंनी मोडणारी तिकडी टाकली आणि काम झालं.

ताई, काकांनी 'इथे आहे' म्हटलं तिथे तुम्ही बोअर घेतलं. नारळ आडवाच राहिला अशा जागी, दहा पावलं बाजूला, कुणी घेतलं का? तिथेही पाणी लागलं असतं, तर नारळाने नेमकं सांगितलं काय?

---

रानवेडी | मंगळवार, दुपारी १२:४०

दहा पावलांवर दुसरं बोअर घ्यायचं? नुसतं मास्तरांची शंका फिटावी म्हणून? पैसे तुम्ही पाठवताय का? खातेक्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हेच तर तुमच्या लक्षात येत नाही. तुमच्या तिकड्या फुकट आहेत. आमची एक तिकडी म्हणजे ज्वारीचं अख्खं वर्ष. शेतकऱ्याला शंका येत नाही असं नाही. ती तपासायला परवडत नाही. आणि कुठेतरी एका जागी बोट ठेवावंच लागतं. सगळं रान सारखंच दिसत असताना कुणीतरी 'इथे' म्हणणारा लागतो, आणि फेल गेलं तर नवरा-बायकोत, भावाभावांत 'तूच म्हणाला होतास' होत नाही. याची किंमत तुमच्या खेळात कुठे धरलीय?

---

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, दुपारी १२:५२

ताईंना +१. हरले तरी +१.

---

टेम्सकाठची_सई | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर: हे फक्त सांगोल्यात चालतं असं समजू नका. २०१७ साली इथे ब्रिटनमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांना सरळ प्रश्न विचारला गेला, तुमची माणसं पाइप शोधायला तारा घेऊन फिरतात का? १२ पैकी १० कंपन्यांकडून 'हो, काही तंत्रज्ञ अजून वापरतात' अशा अर्थाची उत्तरं आली. हेल्मेट, पिवळं जॅकेट, हातात वाकवलेल्या तारा. आमच्या आजोळचा पाणाड्या निदान नारळाचा प्रसाद तरी वाटायचा.

---

काळापाषाण | मंगळवार, रात्री ९:५०

धागा उशिरा पाहिला. निवृत्त भूवैज्ञानिक, सगळी नोकरी भूजलात. जरा लांबण लागेल.

राज्याच्या सुमारे ८० टक्के भागाखाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, फुटलेल्या-झिजलेल्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. लोकांच्या डोक्यात मात्र जमिनीखाली नदी वाहत असते. नस, शिरा, झरा. अमुक जागी भोक पाडलं तर सापडेल, हातभर बाजूला चुकेल. पाणाड्याचा सगळा डोलारा या एका चित्रावर उभा आहे, आणि ते चित्र पाणाड्याइतकंच त्याला हसणाऱ्यांच्याही डोक्यात असतं. कोरडवाहूंनी दिलेली कारणं परत वाचा. 'दोन फूट बाजूला' आणि 'झरा वळला' ही दोन्ही त्या चित्रातूनच आलीत. ओढ्याकाठच्या सखल रानात, पावसाळ्यानंतर, वरच्या मुरमात जवळपास कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी मिळतं. तिथे नारळ चुकणं अवघड. माळावर, घाटमाथ्याजवळ तोच नारळ, तोच माणूस, आणि फेल. यशाचा वाटा रानाचा.

तांब्यापितळ, दकार्गल मी वाचलंय आणि मला तो अध्याय आवडतो. झाडं, वारुळं, मातीचा रंग, खणताना लागणारा बेडूक, दगड. माणूस निरीक्षण करत होता. यातल्या झाडांच्या खुणा आम्हीही क्षेत्रावर बघतो. रानवेडी, तुमच्या काकांचा तो तासभर हेच काम आहे. माझ्या मते त्यांचं ज्ञान त्या तासात आहे, आणि गाव दक्षिणा ठेवतं नारळापुढे. पुढची पिढी काय उचलणार? नारळ. उंबर आणि हराळी मागे राहणार.

आता यंत्रांचं. रेझिस्टिव्हिटीत जमिनीत चार सळ्या रोवतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात, आतल्या दोनमध्ये मोजतात. त्यातून थरांचा विद्युतरोध कळतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. 'चारशे वीस फुटांवर तीन इंच पाणी' असं त्यातून निघत नाही. असं छापून देणारी पेटी घेऊन कुणी आला तर तो बॅटरीवर चालणारा नारळ आहे. आमच्या खात्याचे पॉइंटही फेल जातात. फरक इतकाच की ते कागदावर राहतात.

आणि शास्त्रज्ञही यातून सुटत नाहीत. १९८७-८८ मध्ये म्युनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनी एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप सरकवत ठेवून वरच्या मजल्यावर पाणाडे चालवले. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३, चाचण्या ८४३. निष्कर्ष काय? बहुतेकांना काही जमलं नाही, पण थोड्यांच्या अंगी खरं कसब आहे. १९९९ साली जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा लावले आणि दाखवलं की त्या थोड्यांची कामगिरीही नशिबाने पडणाऱ्या फाशांपलीकडे जात नाही. एका फेरीत चमकलेला दुसऱ्या फेरीत तसा टिकत नव्हता. आकडे समोर असूनही आधीच्या मंडळींना 'कसब' दिसलं.

---

बोअरगाडी | मंगळवार, रात्री ११:१५

काळापाषाणकाकांनी मूळ पकडलं. मामाच्या गाड्यांचा हिशेब मी बघतो, त्यामुळे गाडीवरचं सांगतो. आमच्याकडची पोरं तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, निम्म्या देशाच्या बोअरगाड्या तिथल्याच.

रात्रीचं काम असतं बऱ्याचदा. नारळ फुटतो, हातोडा चालू होतो. पहिले काही रॉड लाल माती, मुरूम, मग काळं. दीडशेला धुरळा इतका की समोरचा माणूस दिसत नाही. सगळं घर उपरणं नाकाला लावून उभं. अडीचशेला भुकटी जरा ओलसर येते. मालक मूठभर उचलतो, दाबतो, गोळा होतो का बघतो, बायकोच्या हातात देतो. "आलं आलं. अजून पन्नास मारा." त्या पन्नासात परत कोरडं. मग, "एवढं घातलंय, आता थांबून काय उपयोग?" खोल जाल तसा फुटाचा दर वाढतो, तरी पाचशे, सहाशे. 'थांबा' म्हणणारं त्या रात्री तिथं कुणी नसतं. आमचं बिल फुटावर, आम्ही का म्हणू? आणि पाणाड्या घरी झोपलेला.

ज्याला लागतं त्याचा व्हिडिओ पहाटेपर्यंत तालुकाभर स्टेटसला, गुलाल, फवारा, सगळं. फेल गेलेल्याचा व्हिडिओ कुणी टाकलेला मी बघितला नाही. पाणाड्याचा नंबर त्या फवाऱ्याच्या व्हिडिओखाली असतो.

एक विनंती: फेल बोअरच्या तोंडावर नुसतं गोणपाट नका टाकू. केसिंगला (वरच्या पाइपला) टोपण मारा. पोरं पडतात.

---

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ८:३०

"एवढं घातलंय, आता थांबून काय उपयोग" हे नारळ न मानणारेही म्हणतात. माझा इंजिनिअर मेहुणा पाणाड्याला हसला, पेटीवाल्यालाही हसला, आणि 'खाली कधीतरी लागणारच' म्हणून सव्वासहाशेपर्यंत गेला. काळापाषाणकाका, हे 'खोल गेलं की लागतंच' कितपत खरं?

---

काळापाषाण | बुधवार, सकाळी १०:०५

आपल्या खडकात उलट. झिजलेला, भेगाळलेला भाग वर असतो. खोल जावं तसा खडक घट्ट होत जातो आणि भेगा विरळ. खोलवर एखादा सांधा लागतो, नाही असं नाही, पण तिथलं पाणी सावकाश साठलेलं असतं आणि परत भरायलाही वेळ लागतो. 'लागलं आणि संक्रांतीच्या आत गेलं' याचं साधं कारण बरेचदा हेच. शिवाय चार खोल बोअरं एकाच सांध्यात उतरली की तुमचा मोटरतास म्हणजे शेजाऱ्याची कोरडी विहीर. झरा वळत नाही, उपसला जातो. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल ती 'खोल विहीर' ठरवून वेगळी काढली, ती याच काळजीने. ते साधारण दोनशे फूट झाले. गावात विचारा, दोनशेला कुणी खोल म्हणतं का.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरच बंद केली आणि दर वर्षी उपलब्ध पाणी मोजून पिकं ठरवली. तिथे पाणाड्याला खोटं पाडायची गरजच कुणाला पडली नाही. बोअरच नाही तर पॉइंट कशाला?

रानवेडींचा पैशांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. कुणी दुसरं बोअर घेणार नाही, घेऊही नये. पण दहा पावलांवरची, शंभर पावलांवरची बोअरं गावाने आधीच घेऊन ठेवलीत. पैसे खर्च झालेत. फक्त लिहिलेली नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षानुवर्षं निरीक्षण विहिरींची पातळी बघते, वर्षातून चारदा: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तसं एक रजिस्टर बोअरांचं ठेवा. गट नंबर, ओढ्यापासून अंतर, पॉइंट कुणी काढला, किती फुटांवर सांगितला, कितीला लागला, कुठला खडक लागला, आणि मे महिन्यात मोटर किती वेळ चालते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात पहिल्या दिवसाचा फवारा धरायचा नाही.

---

संपादक | बुधवार, दुपारी १:००

अंगठ्या, रत्नं आणि वास्तुशास्त्राबद्दलचे काही प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

---

रानवेडी | बुधवार, रात्री ८:२०

आमच्या काकांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. शेव्हरलवर काही बोलले नाहीत. गेरूवर दहा मिनिटं बोलले. गेरू लागला की भिंत ढासळते, केसिंग खाली न्यावं लागतं, गाडीवाले सांगत नाहीत, वगैरे.

रजिस्टरला ते तयार आहेत, पण त्यांच्या अटी आहेत. पॉइंट काढला त्याच दिवशी फूट लिहून मालकाची सही घ्यायची, मागून कुणी 'अडीचशे म्हणाले होते' करायचं नाही. त्यांनी सांगितलेल्या फुटांच्या पुढे मालक गेला तर ते पाणीही त्यांचं नाही आणि फेलही त्यांचं नाही. आणि त्याच रजिस्टरात सळ्यावाल्यांचे, पेटीवाल्यांचे आणि खात्याचे पॉइंटही लिहायचे. एकट्या नारळाचा पंचनामा नको.

---

काळापाषाण | बुधवार, रात्री ८:४५

तिन्ही अटी रास्त आहेत. आमच्या खात्यात यापेक्षा ढिल्या होत्या. एकच भर घालतो: नारळ काढण्याआधी रान फिरून काकांना काय काय दिसलं, ते त्यांच्याच शब्दांत चार ओळी लिहून घ्या. जमल्यास तुम्हीच लिहा.

---

बोअरगाडी | बुधवार, रात्री ९:१०

लागलेल्या खोलीचा आकडा मालकाला नका विचारू, तो दर लग्नात पन्नास फुटांनी वाढतो. गाडीच्या बिलावरून घ्या. पाणी किती लागलं ते आम्हीही फुगवून सांगतो, पण फूट बरोबर असतात, पैसे त्याचेच घेतो ना.